लाल सेनापतीचा, मळखाऊ शिपायाचा

रोमन शिपाई म्हटला की डोळ्यांपुढे लाल रंग येतो. लाल अंगरखा, लाल झगा, लाल ढाल, शिरस्त्राणावर लाल तुरा. हॉलिवूडने वर्षानुवर्षे हेच दाखवले, इतिहासाच्या सचित्र पुस्तकांनी हेच छापले, आणि आज युरोपात हौसेने रोमन पलटणीचे सोंग घेऊन संचलन करणारे लोकही बहुतेक लालच नेसतात. ‘ॲस्टेरिक्स’च्या चित्रकथांत हेच शिपाई हिरव्या अंगरख्यात मार खात फिरतात, पण तो विनोदाचा भाग म्हणून सोडून दिला जातो. पुरावे शेजारी शेजारी मांडून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. लाल हा रोमन फौजेचा रंग नव्हता. तो रोमन सेनापतीचा रंग होता, आणि रणांगणावरच्या इशाऱ्याचा. साध्या शिपायाच्या अंगावर बहुतेक वेळा मेंढीनेच दिलेला रंग असे: पांढुरका, पिवळट, तपकिरी. सगळ्या फौजेने एकाच रंगात दिसले पाहिजे, ही कल्पना रोमनांच्या डोक्यात आली होती असे मानायला काही आधार सापडत नाही. त्यामुळे ‘रोमन सैनिकाच्या कपड्यांचा रंग कोणता?’ हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा गणवेश नावाची आपल्या काळातली गोष्ट नकळत त्यांच्या अंगावर चढवत असतो.

रंगाआधी कपडे कोणते ते पाहू. अंगात ट्युनिक, म्हणजे कापडाचे दोन चौकोनी पट जोडून केलेला, कमरेला पट्ट्याने आवळलेला सैल अंगरखा. त्यावर थंडीवाऱ्यासाठी झगा, आणि झग्याचे मुख्य प्रकार दोन. सागुम हा लोकरीचा सरळ आयताकृती तुकडा. तो अंगाभोवती घेऊन उजव्या खांद्यावर धातूच्या मोठ्या काट्याने अडकवायचा, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो. दुसरा पेनुला. हा डोक्यातून घालायचा, पुढून बंद होणारा आणि बहुधा टोपडे असलेला. लंडनच्या कॅमोमाइल स्ट्रीटवर १८७६ मध्ये सापडलेल्या शिपायाच्या दगडी पुतळ्याच्या अंगावर तो स्पष्ट दिसतो. दोन्हींची वीण घट्ट, लोकर जाड, आणि मेंढीच्या अंगचे तेल पुरते न काढलेली, त्यामुळे पाऊस चटकन आत शिरत नसे. पावसात घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतलेला धनगर ज्याने पाहिला आहे, त्याला पेनुला समजावून सांगायला नको. तिसरा झगा पालुदामेंटुम. तो सेनापतीचा, अधिक तलम आणि भारी, आणि त्याचा रंग हा त्याच्या असण्याचाच भाग. बाकीच्या दोन झग्यांचे तसे नव्हते. सागुम तर केवळ शिपायाचाही नव्हता. थोरल्या केटोने शेतीवरच्या आपल्या पुस्तकात शेतावरच्या गुलामांना एक वर्षाआड एक अंगरखा आणि एक सागुम द्यावा असे सांगितले आहे. राबणाऱ्याचे ते पांघरूण होते, आणि शिपाई हाही राबणाराच.

हे सगळे दगडावर कोरलेले भरपूर सापडते, पण दगडावरचा रंग उडून गेला. ट्रेजनच्या स्तंभावर (इ.स. ११३) शेकडो शिपाई आहेत, त्यांच्या झग्याची प्रत्येक चुणी मोजता येते, आणि रंगाबद्दल स्तंभ जवळजवळ मुका आहे. म्हणून रंगासाठी ग्रंथ, पपायरसवरचे हिशेब, भित्तिचित्रे आणि जमिनीत टिकलेल्या कापडाच्या चिंध्या यांच्याकडे वळावे लागते. या चारही ठिकाणची साक्ष सारख्या वजनाची नाही. हिशेबाचा कागद माझ्या मते सर्वांत भरवशाचा, कारण तो लिहिणाऱ्याला कुणावर छाप पाडायची नव्हती.

सुरुवात मात्र ग्रंथांपासून करू, कारण लालाचा पक्ष तिथेच सर्वांत भक्कम वाटतो. इ.स.पू. ५२ मध्ये अलेसियाच्या वेढ्यात शेवटच्या निकराच्या क्षणी सीझर स्वतः राखीव तुकड्या घेऊन धावला. तो आला हे लढाईत नेहमी घालत असलेल्या त्याच्या झग्याच्या रंगावरून शत्रूला कळले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. रंग कोणता ते तो सांगत नाही. तो अंदाज इतर ठिकाणांवरून बांधता येतो. क्रॅससने इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियनांकडून कार्ऱ्हे इथे सपाटून मार खाल्ला. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की त्या दिवशी सकाळी तो रोमन सेनापतींच्या रिवाजाप्रमाणे लाल झगा न घालता काळ्या झग्यात बाहेर आला, आणि लक्षात येताच त्याने घाईने तो बदलला. लोकांनी नंतर तो अपशकुन मानला. आफ्रिकेत सीझरविरुद्ध लढणाऱ्या मेटेलस स्किपिओची गोष्ट याहून मजेदार आहे. इ.स.पू. ४६ मध्ये त्याच्या मदतीला नुमिडियाचा राजा जुबा आला, आणि आपल्यासारखाच जांभळा झगा स्किपिओने घालू नये असे त्याने बजावले. रोमन सेनापतीने मुकाट्याने पांढरा झगा चढवला. ही हकीकत सीझरच्या गोटातल्या कुणीतरी लिहिली आहे, तेव्हा तिखटमीठ लागलेले असणार. पण वाचणाऱ्याला तिचे मर्म न सांगता कळेल ही लेखकाची खात्री तिच्यात दिसते: झग्याचा रंग म्हणजे हुद्दा, आणि तो सोडणे म्हणजे मान सोडणे.

आता अलेसियाकडे परत पाहावे. खाली हजारो रोमन शिपाई लढत आहेत आणि डोंगरउतारावरचा शत्रू त्या गर्दीत एका माणसाला त्याच्या रंगावरून हेरतो. सगळी फौज लाल झग्यांत असती तर लाल झगेवाला सीझर त्यात मिसळून गेला असता. हाच तर्क इशाऱ्याच्या कापडालाही लागू होतो. कॅनीच्या लढाईआधी सेनापतीच्या तंबूवर लाल वस्त्र चढवले गेले, फिलिपीच्या मैदानात ब्रूटस आणि कॅशियस यांच्या छावण्यांपुढे लाल अंगरखा फडकवला गेला. दोन्ही प्लूटार्कने नोंदवले आहे, आणि दोन्हींचा अर्थ एकच: आज लढाई. जो रंग छावणीत जिकडेतिकडे दिसतो तो इशाऱ्यासाठी कुणी निवडत नाही. मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात इजिप्तमधून आलेले रोमन फौजेचे एक खरे निशाण जपून ठेवले आहे. तागाचे छोटे चौकोनी कापड, गडद लाल, आणि त्यावर पृथ्वीगोलावर उभी विजयदेवता. निशाण लाल असण्याचे कारण उघड आहे. ते दिसायला हवे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. लाल म्हणजे एकच लाल नव्हे. सेनापतीचा लाल किरमिजी किड्यापासून काढलेला असे. ओकच्या जातीच्या झाडांवर वाढणारे हे बारीक किडे स्पेन, लुसिटानिया, आशिया मायनर इथून येत, आणि निसर्गाचा ज्ञानकोश लिहिणारा प्लिनी सांगतो की हा रंग सेनापतींच्या झग्यांसाठी राखलेला होता. साधा लाल वेगळा. तो मंजिष्ठेच्या कुळातल्या एका झुडपाच्या मुळीपासून मिळे. हे झुडूप इटलीत रोमच्या आसपास उत्तम पिकते आणि जवळजवळ सगळ्या प्रांतांत मुबलक आहे, असेही प्लिनीच लिहितो. तुरटीत भिजवलेल्या लोकरीवर ही मुळी चढवली की विटकरी-तांबडा रंग बसतो, टिकतोही चांगला. मग शिपाई विटकरी लालात आणि सेनापती झगझगीत किरमिजीत असे का असू नये? लांबून फरक ओळखता आला असता.

अशक्य मुळीच नाही. पण मुळी स्वस्त असली तरी रंगकाम फुकट होत नाही. तुरटी लागते, जळण लागते, हंडे लागतात, माणसे लागतात, आणि हे सगळे कुणाच्या खिशातून जायचे हा खरा मुद्दा आहे. ते शिपायाच्या खिशातून जात असे. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्रॅकसने शिपायांना सरकारी खर्चाने कपडे द्यावेत, पगारातून काही कापू नये असा कायदा केला होता, पण तो फार काळ पाळला गेलेला दिसत नाही. इ.स. १४ मध्ये पॅनोनियातल्या फौजेने बंड केले. तेव्हा पेर्केनियस नावाच्या शिपायाने जमावापुढे जी गाऱ्हाणी मांडली ती इतिहासकार टॅसिटसने दिली आहेत. दिवसाला दहा आस एवढीच आमच्या जिवाची किंमत, त्यातूनच कपडे, हत्यारे आणि तंबू यांचे पैसे जातात, हे त्यातले मुख्य. टॅसिटस भाषणे रचतो हे खरे, पण हिशेबाचा कागद पेर्केनियसच्या बाजूने साक्ष देतो. इजिप्तमध्ये इ.स. ८१ च्या सुमाराचा एक पपायरस सापडला आहे, क्विंटस ज्युलियस प्रोक्युलस या शिपायाच्या पगाराचा. वर्षाला तीन हप्ते, प्रत्येकी सुमारे २४८ द्राख्मा. त्यातून गवत, अन्न, बूट आणि पट्टे, छावणीतला सॅटर्नेलियाचा सण अशा कपाती. कपड्यांसाठी पहिल्या हप्त्यातून ६०, दुसऱ्यातून काही नाही, तिसऱ्यातून एकदम १४६ च्या आसपास. म्हणजे वर्षाच्या पगारातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग अंगावरच्या कापडावर गेला. अशा माणसावर तुझा झगा तांबडाच हवा अशी सक्ती असती, तर गाऱ्हाण्यांच्या यादीत तीही कुठेतरी आली असती.

शिवाय हे कपडे एका ठिकाणाहून येतच नसत. इतिहासकार लिव्ही सांगतो त्याप्रमाणे, आफ्रिकेतल्या स्किपिओच्या (हा मेटेलस नव्हे, त्याच्या फार पूर्वीचा) फौजेसाठी सार्डिनियाने १,२०० टोगा, म्हणजे नागरिकांचे अंगभर घ्यायचे वस्त्र, आणि १२,००० अंगरखे पाठवले. इ.स.पू. १६९ मध्ये मॅसिडोनियातल्या फौजेसाठी ६,००० टोगा आणि ३०,००० अंगरख्यांचा ठेका दिला गेला. आकडे आहेत, रंगाचा शब्द नाही. पुढे साम्राज्याच्या काळात फौजा सीमेवर कायमच्या बसल्या तेव्हा आसपासच्या गावांतले विणकर, दूरच्या प्रांतांवर लादलेल्या मागण्या आणि घरून येणारी गाठोडी, तिन्ही मार्गांनी कपडे येत. ब्रिटनमधल्या व्हिंडोलांडाच्या छावणीत सापडलेल्या लाकडी पातळ फळीवरच्या एका पत्रात कुणीतरी कुणाला तरी मोजे, पायताणांचे दोन जोड आणि लंगोटासारख्या चड्ड्यांचे दोन नग पाठवल्याचे कळवले आहे. इजिप्तमध्ये क्लॉडियस टेरेंटियानस नावाचा तरुण शिपाई वडिलांकडे झगा, पट्ट्याचा अंगरखा, विजारी, आणि त्याच दमात तलवार नि भालेही मागतो. अशी फौज एका रंगाची कशी करणार?

या सगळ्यांत सर्वांत बोलका कागद इ.स. १३८ चा आहे. इजिप्तमधल्या फिलाडेल्फिया गावच्या विणकरांना कॅपाडोशियातल्या फौजेसाठी माल विणायची ती मागणी आहे. पट्ट्याने आवळायचा एक पांढरा अंगरखा, साडेतीन हात लांब, तीन हात चार बोटे रुंद, वजन पावणेचार मिना, किंमत २४ द्राख्मा. चार सीरियन धाटणीचे पांढरे झगे, प्रत्येकी सहा हात लांब, चार हात रुंद, तेवढेच वजन, तेवढीच किंमत. पावणेचार मिना म्हणजे दीड किलोहून थोडे जास्त, तेव्हा कापड काही झिरझिरीत नव्हते. छावणीतल्या इस्पितळासाठी एक साधे पांढरे पांघरूणही आहे. पुढे अटी येतात: लोकर मऊ, शुभ्र, मळ नसलेली हवी, वीण घट्ट हवी, कडा नीट बांधलेल्या हव्यात, माल खराब असता कामा नये. कुठल्याही सरकारी निविदेत शोभेल अशी ही भाषा आहे. मापे बोटापर्यंत दिली आहेत, वजन पाव मिनापर्यंत दिले आहे, आणि रंग म्हणून मागितले आहे ते फक्त पांढरे. फौजेला तांबडे कपडे हवे असते तर रंग चढवायची अट इथे नक्कीच दिसली असती. आता कुणी म्हणेल, पांढरे विणून घेतले आणि नंतर छावणीजवळ रंगवले. तसे होऊ शकते, पण मग इस्पितळाच्या पांघरुणासाठीही तीच शुभ्र लोकर का मागितली हे सांगावे लागेल. दुसरा प्रतिवाद असा की ही एका प्रांताची एका वर्षाची मागणी, तीवरून साम्राज्याबद्दल काय बोलणार? हा प्रतिवाद मला मान्य आहे. एका कागदावरून नियम ठरत नाही. पण लालाच्या बाजूने असा एकही हिशेबाचा कागद पुढे केला जात नाही, हेही त्याच तागडीत टाकायला हवे.

इथे लोकरीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपण ‘रंगीत’ आणि ‘रंगवलेले’ यांची गल्लत करतो. आज मेंढी म्हटले की पांढरी लोकर आठवते. रोमन काळात कळपांचे रंग प्रांताप्रांतांत वेगळे होते आणि बाजारात ते त्या नावांनी ओळखले जात. प्लिनीने त्यांची यादीच दिली आहे: पो नदीकाठची पांढरी, दक्षिण इटलीतल्या कॅन्युसियमची पिंगट, स्पेनमधल्या बेटिकाची तांबूस, पोलेंटियाची करडी. म्हणजे रंगाऱ्याकडे न जाताही अर्धा डझन छटा मिळत होत्या, आणि त्यांतल्या एकदोन चक्क तांबड्याकडे झुकणाऱ्या होत्या. मार्शल या कवीने कॅन्युसियमच्या तांबूस झग्यांवर दोन ओळींची एक कविता केली आहे आणि असा रंग पोरांना आणि शिपायांना आवडतो असे तो त्यात म्हणतो. लालाचे पक्षपाती ही कविता नेहमी पुढे करतात. पण नीट वाचली तर ती उलट बाजूलाही जाते. एक तर कॅन्युसियमची तांबूस लोकर ही मेंढीचीच देणगी असू शकते, तिथे मुळीचा प्रश्न येत नाही. दुसरे, ‘आवडतो’ असे तेव्हाच म्हणतात जेव्हा निवड करता येते. खाकी पोलिसांना आवडते असे कुणी लिहिणार नाही.

जमिनीतून निघालेल्या चिंध्यांचा कौल सरळ एका बाजूला नाही, आणि तो तसाच मांडायला हवा. व्हिंडोलांडाच्या दलदलीत हवा न लागल्याने कापडाचे तुकडे टिकले. आज ते सगळे मातकट दिसतात. पण तो रंग मातीचा आहे, आणि रासायनिक तपासणीत त्यांतल्या काहींवर मुळीच्या तांबड्या रंगाचा अंश सापडला. म्हणजे ब्रिटनच्या उत्तर टोकाला, हेड्रियनची भिंत बांधली जाण्याआधीच्या छावणीत, लाल कापड होते. प्रश्न ते कुणाचे होते हा आहे. त्या छावणीत शिपाई होते, अधिकारी होते, अधिकाऱ्यांची बायकामुले होती, गुलाम होते. तुकड्यावर मालकाचे नाव नसते. म्हणून या पुराव्यावरून एवढेच म्हणता येते की लाल कापड छावणीत दुर्मिळ नव्हते. ते सर्वांच्या अंगावर होते, किंवा असावे असा हुकूम होता, हे म्हणता येत नाही.

चित्रांकडे आलो की पांढऱ्याचे पारडे पुन्हा जड होते. सीरियात युफ्रेटिसकाठी दुरा-युरोपस हे गाव होते. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये तिथे ब्रिटिश फौजेचे शिपाई खंदक खणत असताना मातीखालून रंगीत भिंती निघाल्या. त्यांतले एक चित्र आज येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. विसाव्या पाल्मिरेनी पलटणीचा ट्रिब्यून, म्हणजे प्रमुख, ज्युलियस टेरेंटियस होमकुंडावर धूप टाकतो आहे आणि त्याच्यामागे त्याची माणसे ओळीने उभी आहेत. काळ इ.स. २३९ च्या आसपासचा. नाव चित्रातच लॅटिनमध्ये लिहिलेले आहे, त्यामुळे हे कोणी काल्पनिक वीर नव्हेत. मागच्या रांगेतल्या शिपायांचे अंगरखे पांढरे आहेत, झगे पिवळट तपकिरी. ठळक लाल शोधायचा तर नजर निशाणाच्या कापडावर जाते. इजिप्तमधल्या ममींवर चेहऱ्याच्या जागी बसवलेल्या रंगीत तसबिरींतही तलवारीचा पट्टा खांद्यावरून घेतलेले काही पुरुष आहेत. त्यांचे अंगरखे पांढरे, झगे कुठे गडद निळे, कुठे जांभळट लाल. ही माणसे पैसेवाली, अधिकारी असावीत असे वाटते. आक्षेप असा घेता येतो की दुराचे चित्र पूजेचे आहे, तसबिरी मरणोत्तर आहेत, दोन्हीकडे माणूस ठेवणीतले कपडे घालणार. कबूल. पण ठेवणीतला पोशाखच जर पांढरा असेल, तर लाल हा फौजेचा अभिमानाचा रंग होता हे म्हणणे आणखीनच अवघड होते. सम्राट व्हिटेलियस इ.स. ६९ मध्ये जिंकून रोममध्ये शिरला त्या मिरवणुकीचे टॅसिटसने केलेले वर्णन याला जुळते. गरुडध्वजांपुढे छावणीचे प्रमुख, ट्रिब्यून आणि वरच्या हुद्द्याचे शतपती चालत होते, आणि ते सगळे पांढऱ्या कपड्यांत होते.

मग लालाची एवढी ख्याती आली कुठून? सर्वांत जास्त उद्धृत होणारा आधार आहे सेव्हिलचा इसिदोर. रोमन सैनिक लाल अंगरखा घालत म्हणून त्यांना ‘लालवाले’ म्हणत, आणि जखमेचे रक्त शत्रूला दिसू नये म्हणून ही युक्ती स्पार्टनांनी काढली, असे तो लिहितो. पण इसिदोर सातव्या शतकातला बिशप. तो ज्या काळाबद्दल बोलतो आहे, म्हणजे कॉन्सल फौज नेत तो काळ, तो त्याच्यापासून सहाशे-सातशे वर्षे मागे पडलेला. रक्त लपवण्याची कथा त्याच्याही आधी पहिल्या शतकात व्हॅलेरियस मॅक्सिमसने सांगितली आहे, ती मात्र स्पार्टनांबद्दल. स्पार्टाच्या लाल झग्याचे कारण ज्याला प्रत्यक्ष माहीत असायला हवे त्या ग्रीक इतिहासकार झेनोफोनने रक्ताचा उल्लेखही केलेला नाही. तो म्हणतो, हा रंग बायकांच्या कपड्यांशी सर्वांत कमी मिळताजुळता आणि लढाईला सर्वांत शोभणारा. रक्ताची गोष्ट व्यवहारातही टिकत नाही. वाळलेले रक्त तपकिरी-काळे होते आणि ओल्या रक्ताने कापड अंगाला चिकटते, ते लालावरही दिसते. चौथ्या शतकात रचलेल्या ‘हिस्टोरिया ऑगस्टा’तल्या एका पत्रात एका अधिकाऱ्याला दरसाल दोन तांबडे लष्करी अंगरखे द्यावेत असा हुकूम आहे. पत्र बनावट आहे हे अभ्यासकांना ठाऊक आहे. तरी बनावट पत्रातही वाचकाला पटेल असाच तपशील घालावा लागतो, म्हणून हा पुरावा मी पूर्ण फेकून देत नाही. फक्त तो कुणाबद्दल आहे ते पाहतो: अधिकाऱ्याबद्दल.

लालाच्या बाजूचा याहून वजनदार पुरावा बायबलात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पिलाताचे शिपाई येशूला राजा म्हणून हिणवताना किरमिजी झगा घालतात. मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो लष्करी झग्याचाच. यातून रोमन शिपायाचा झगा लाल होता असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण मार्क आणि योहान हाच झगा जांभळा म्हणतात, आणि थट्टेचे मर्म त्या दोन रंगांच्या जवळिकीत आहे. राजाचा जांभळा हाताशी नाही, तेव्हा त्याच्या जवळ जाणारे जे मिळाले ते अंगावर टाकले. छावणीत असा एक झगा सापडू शकत होता, एवढे ही कथा नक्की सांगते. सगळ्यांचे झगे तसेच असते तर आपल्यासारखाच कपडा घातलेल्या माणसाला ‘राजा’ म्हणून हिणवण्यात शिपायांना काय मौज वाटली असती?

रंगाने फौज ओळखू येत नसेल तर शिपाई ओळखू कसा येई, हा पुढचा प्रश्न. उत्तर कापडाच्या रंगापेक्षा घाटात आहे. सिसेरो इ.स.पू. ४३ मध्ये अँटनीविरुद्ध सिनेटमध्ये भाषणे करत होता तेव्हा नागरिकांनी टोगा उतरवून सागुम घ्यावा असा त्याचा आग्रह होता. सागुम अंगावर आला म्हणजे शहर युद्धात आहे हे सगळ्यांना कळे, मग तो कोणत्या का रंगाचा असेना. उलट सम्राटाच्या वाड्यावर पहारा देणारे प्रिटोरियन टोगा घालत, कारण रोममध्ये लष्करी राजवट असल्याचे दिसू द्यायचे नव्हते. ऑगस्टसने शतपतींना दिलेली एक शिक्षा सुएटोनियसने नोंदवली आहे: पट्टा काढून घेऊन नुसत्या सैल अंगरख्यात मुख्य ठाण्यापुढे दिवसभर उभे करायचे. पट्टा गेला की शतपतीचा बाजारातला माणूस होतो. रंगावरून गहजब झाल्याचेही एक उदाहरण आहे. इ.स. ६९ मध्ये सेनापती केकिना रंगीबेरंगी झगा आणि गॉल लोकांसारखी विजार घालून इटलीच्या शहरांतल्या टोगाधारी लोकांशी बोलला आणि त्यांना तो अपमान वाटला. त्या रागातही झग्याइतकाच विजारीचा वाटा होता. कपड्यांचा रंग सगळ्या गटासाठी मुद्दाम ठरवल्याचे एक उदाहरण युद्धशास्त्रावर लिहिणारा व्हेजेटियस देतो, तेही जमिनीवरचे नव्हे. टेहळणीच्या होड्या, त्यांची शिडे, दोरखंड आणि खलाशांचे कपडे समुद्रासारखे निळे करायचे, म्हणजे शत्रूला दिसणार नाहीत. रोमनांना एक रंग एका गटाला देता येत नव्हता असे नाही. लाभ दिसला तिथे त्यांनी तो दिला. रणांगणावरच्या पायदळाला मात्र लपण्याचा लाभ नव्हता, आणि आपला-परका ओळखायला ढाली नि निशाणे होती.

फौज म्हणजे एका रंगाचे कापड, हे समीकरण युरोपात फार उशिरा रूढ झाले. इंग्लंडमध्ये १६४५ साली उभ्या राहिलेल्या न्यू मॉडेल आर्मीने लाल कोट घेतले. त्यामागे मध्यवर्ती खजिना, घाऊक कापड आणि ठेक्याने घेतलेला रंगवलेला माल ही सगळी व्यवस्था होती. नंतरच्या चित्रकारांनी रोमनांचे देखावे रंगवले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्याच पलटणी असाव्यात.

अशी व्यवस्था रोमनांकडे शेवटी शेवटी आली होती, आणि म्हणूनच तिथे माझ्या म्हणण्याची खरी कसोटी लागते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून लष्करी कपडे कर म्हणून वसूल होऊ लागले. डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१ च्या किंमतपत्रकात तर या करवसुलीतल्या लष्करी झग्यांना आणि अंगरख्यांना स्वतंत्र ओळी आहेत. इ.स. ४०० च्या सुमाराच्या अधिकारपदांच्या यादीत सरकारी विणकामशाळा आणि सरकारी रंगशाळा यांचे अधिकारी नोंदलेले आहेत. म्हणजे हंडे, माणसे, लोकर, सगळे आता सरकारच्या हातात होते. हवे असते तर सगळी फौज एका हुकमात तांबडी करता आली असती. तसे झाले नाही. सिसिलीत पियाझ्झा आर्मेरिनाच्या चौथ्या शतकातल्या वाड्यात जमिनीवरच्या मोठ्या शिकारचित्रात जे शिपाई आणि अधिकारी आहेत, त्यांच्या अंगरख्यांवर खांद्याशी आणि मांडीशी विणलेल्या नक्षीच्या चकत्या आहेत, बाह्यांना पट्टे आहेत, आणि रंग एकमेकांशी जुळत नाहीत. मेहनत नक्षीवर गेली, एकसारखेपणावर गेली नाही. दोन शतकांनंतर राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये सम्राट जस्टिनियनच्या शेजारी त्याचे अंगरक्षक खांद्याला खांदा लावून उभे आहेत, कुणी हिरव्या अंगरख्यात, कुणी लाल, कुणी पांढऱ्या. चौथ्या-पाचव्या शतकांतल्या कायद्यांनी एकच रंग इतरांना मना केला होता, तो समुद्री शिंपल्यांपासून काढलेला राजजांभळा, आणि त्या भिंतीवर तो झगा म्हणून सम्राटाच्या अंगावर आहे.